काकांना आलेलं सरकारी पत्र

अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा खरं तर आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेलं वर्षभर आमच्या घरात जे घडलं ते डोक्यातून जात नाही. आपल्या मंडळातल्या अनेक घरांत दुकानं आहेत, परदेशात मुलं आहेत, परदेशातून पैसे येतात-जातात. म्हणून वाटलं, हेच सांगावं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझ्या काकांचं दुकान आबिड्सला, जीपीओपासून चालत पाच मिनिटांवरच्या एका गल्लीत आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्टेशनरी, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत वह्यांना कव्हरं. मधली काही वर्षं त्यांनी दुकानातच परदेशातून आलेले पैसे देण्याचं काउंटर चालवलं. नवरा किंवा मुलगा आखातात, घरची बाई ओळखपत्र आणि नंबर घेऊन यायची, काका पैसे मोजून द्यायचे. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, पैसे थेट खात्यात जायला लागले आणि ते काउंटर बंद झालं. राहिल्या त्या वह्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, लांब. तारीख, नाव, ओळखपत्राचा नंबर, रक्कम, सही. कागदपत्रं किती वर्षं ठेवायची याचे नियम असतात. काकांचा नियम एकच, वही फेकायची नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी दुकानात एक पत्र आलं. एका तपास यंत्रणेचं. युरोपातल्या एका देशाच्या विनंतीवरून चौकशी सुरू आहे, तुमच्या काउंटरवरून झालेल्या तीन व्यवहारांची कागदपत्रं घेऊन जबाबासाठी हजर राहा, आणि ही बाब गोपनीय ठेवा. पत्राला दोन पानं जोडलेली होती. त्यात त्या देशातल्या एका वृद्ध बाईचं नाव, वय आणि तिची किती रकमेची फसवणूक झाली तो तपशील होता. कुणीतरी फोनवरून तिला भूल घालून पैसे पाठवायला लावले होते आणि त्यातले काही आबिड्सच्या आमच्या गल्लीत, काकांच्या हातून दिले गेले होते.

काका अडुसष्ट वर्षांचे. आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेले नाहीत. त्यांनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "अरे, तू ये. कुणाला सांगू नकोस."

माझी चूक

पत्र वाचून माझ्या मनात पहिली शंका आली ती हे खोटं तर नाही ना, अशी. हल्ली 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली सीबीआयची बनावट पत्रं पाठवून लोकांना लुबाडतात, हे आपण रोज वाचतो. म्हणून पत्रावरच्या फोन नंबरवर फोन न करता मी दुसऱ्या दिवशी स्वतः त्या कार्यालयात जाऊन आलो. पत्र खरं होतं. अधिकारी सभ्य होते. काका साक्षीदार आहेत, आरोपी नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

इथवर ठीक होतं. त्या रात्री मात्र मी घाबरून एक गोष्ट केली. आमच्या चुलत-मावस भावंडांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर मी विचारलं, "कुणाच्या ओळखीचा चांगला वकील आहे का? अर्जंट." आणि प्रश्न विचारले जाऊ नयेत म्हणून पत्राचा फोटोच टाकला. दोन्ही पानांसकट.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून वर्षाला दोन प्रशिक्षणं घेतो, गोपनीयतेच्या करारांवर सह्या करतो. आणि एका परक्या म्हाताऱ्या बाईचं नाव, वय, तिची झालेली फजिती मी बत्तीस जणांना पाठवून दिली. दहा मिनिटांत फोटो काढून टाकला, पण दहा मिनिटं पुरतात. पंधरा दिवसांत गल्लीत बोलणं सुरू झालं होतं की काकांच्या मागे इंटरपोल लागलंय.

त्याच सुमारास माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा ठरत होता. मुलाकडच्यांचा फोन आला. सरळ काही विचारलं नाही, पण तारीख थोडी पुढे ढकलूया म्हणाले. काकूनं फोन ठेवला आणि दिवसभर बोलली नाही. काकांची अवस्था तर विचित्र होती. त्यांना बोलायची मनाई, आणि गल्लीला काहीच मनाई नाही. आपली बाजू सांगायला गेले तर गोपनीयता मोडणार, गप्प बसले तर 'काहीतरी असणारच' असं होणार.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. दोन देशांची सरकारं एकमेकांना तपासात कशी मदत करतात, त्यात गुप्तता कशासाठी असते आणि आपल्यासारख्या माणसाला न्याय मिळेल याची काळजी कोण घेतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

पत्र येतं कसं

समजा, एका देशातल्या पोलिसांना दुसऱ्या देशातला पुरावा हवा आहे. ते उठून तिकडे जाऊन चौकशी करू शकत नाहीत. आपल्या पोलिसांचा अधिकार आपल्या सीमेपाशी संपतो. मग दोन वाटा उरतात.

पहिली वाट पोलिसांकडून पोलिसांकडे, म्हणजे इंटरपोलची. १९६ देश तिचे सदस्य आहेत आणि भारतात तिचं काम सीबीआय पाहते. या वाटेनं माहिती पटकन मिळते, पण ती सहसा तपासाला दिशा देण्यापुरतीच असते. न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहील असा कागद हवा असेल तर दुसरी वाट धरावी लागते, सरकारकडून सरकारकडे. तिला 'परस्पर कायदेशीर साहाय्य' म्हणतात. न्यायालयानं पाठवलेलं विनंतीपत्र हाही तिचाच एक प्रकार. आपल्याकडे फौजदारी प्रकरणांत हे सगळं केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत होतं.

कायद्यात याची तरतूद १९९० मध्ये आली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-क आणि १६६-ख मध्ये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमं ११२ आणि ११३ म्हणून आहेत. ११२ म्हणजे आपण बाहेर मागायचं, ११३ म्हणजे बाहेरच्यांनी आपल्याकडे मागायचं. परदेशातून विनंती आली की केंद्र सरकार ती दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतं किंवा तपासासाठी पोलिसांकडे देतं. पोलिसांनी मग तो गुन्हा भारतातच घडला आहे असं समजून तपास करायचा. काकांकडे आलेलं पत्र असा प्रवास करून आलं होतं. परदेशातलं एखादं पोलीस ठाणं, तिथलं मंत्रालय, दिल्ली, हैदराबाद आणि शेवटी आबिड्सची गल्ली.

अशा करारांत दोन अटी बहुतेक वेळा असतात. एक, विनंती आणि तिच्यातला मजकूर गुप्त ठेवायचा. गुप्तता मोडल्याशिवाय काम होत नसेल तर आधी मागणाऱ्या देशाला विचारायचं. दोन, मिळालेली माहिती ज्या कामासाठी मागितली त्याच कामासाठी वापरायची. आमच्या धंद्यातही हेच आहे. एखाद्या प्रणालीला डेटा दिला तर तो कुठल्या कारणासाठी दिला हे नोंदलेलं असतं, आणि दुसऱ्या कामाला वापरला तर विश्वासघात ठरतो.

गुप्तता कशाला, तर आरोपीला सुगावा लागून त्यानं पुरावे नष्ट करू नयेत म्हणून, हे मला ठाऊक होतं. पण आणखी दोन माणसं तिच्या आडोशाला उभी असतात हे लक्षात आलं नव्हतं. एक, जिची फसवणूक झाली ती बाई. दुसरा, ज्याचा काही दोष नाही पण ज्याचं नाव कागदात आलं आहे असा साक्षीदार. म्हणजे आमचे काका. मी फोटो टाकला तेव्हा दोघांच्याही डोक्यावरचं छप्पर काढलं होतं.

नावं जाहीर करायची की नाही

हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे फार मोठ्या स्वरूपात आला होता. लिश्टेनस्टाइन या चिमुकल्या देशातल्या एका बँकेतल्या खातेदारांची यादी जर्मनीच्या हाती लागली आणि त्यातली भारतीयांची नावं जर्मनीनं २००९ मध्ये भारत सरकारला दिली. ज्येष्ठ वकील राम जेठमलानी आणि इतरांनी काळ्या पैशाबद्दल याचिका केली होती. त्यांनी ही नावं मागितली. सरकार म्हणालं, जर्मनीशी असलेल्या करारात गुप्ततेचं कलम आहे, देता येत नाहीत.

४ जुलै २०११ रोजी निकाल लागला. तो देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी बी. सुदर्शन रेड्डी आपल्या हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठातून कायदा शिकलेले, पुढे गोव्याचे पहिले लोकायुक्त झाले. न्यायालयानं सरकारला सांगितलं की कराराचा आडोसा घेऊन सगळंच झाकता येणार नाही. ज्यांचा तपास पूर्ण होऊन कारवाई सुरू झाली आहे त्यांची माहिती याचिकाकर्त्यांना द्या. पण ज्यांच्याविरुद्ध काही चुकीचं अजून आढळलेलं नाही त्यांची नावं देऊ नका. परदेशात खातं असणं हा काही आपोआप गुन्हा नव्हे, आणि खाजगीपण हा माणसाच्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे.

हा निकाल मी काकांना वाचून दाखवला. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे करोडोवाल्यांची नावं झाकायला सुप्रीम कोर्ट, आणि माझं नाव झाकायला घरातलं कुणी नाही." ते मला टोमणा मारत नव्हते. जे होतं ते बोलले. पण मला खाली बघावं लागलं.

वचन कुणाला द्यायचं

त्यानंतर आमच्या दोघांचा एका गोष्टीवरून वाद झाला. तो अजून पुरता मिटलेला नाही.

अबू सालेमचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, सातशेच्या वर जखमी झाली. त्यातला हा आरोपी सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे पकडला गेला. त्याचा हैदराबादशीही संबंध आहे. कर्नूलच्या पत्त्यावर खोट्या नावानं काढलेल्या पासपोर्टचा खटला आपल्या इथल्या सीबीआय न्यायालयात चालला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याला त्यात सात वर्षांची शिक्षा झाली. खोट्या कागदांवर खरा पासपोर्ट! झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या काकांना तो खटला चांगला आठवतो. त्या दिवसांत ते ओळखपत्राची मूळ प्रत बघितल्याशिवाय झेरॉक्ससुद्धा काढून देत नसत.

पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली की याला फाशी होणार नाही, आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवासही नाही. त्या हमीवर नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. दुसरी अट होती ती ज्या गुन्ह्यांसाठी दिला त्याच गुन्ह्यांचे खटले चालवायची. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याच्या कलम २१ मध्येही हे तत्त्व आहे.

पुढे त्याच्यावर काही जास्तीची कलमं लावली गेली. २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयानं अटींचा भंग झाला असं म्हणत प्रत्यार्पण रद्द ठरवलं. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातली काही कलमं मागे घ्यायला परवानगी दिली. २०१७ मध्ये बॉम्बस्फोट खटल्यात त्याला जन्मठेप झाली. मग प्रश्न आला की जन्मठेप म्हणजे किती? ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केंद्र सरकार आपल्या वचनाला बांधलेलं आहे. पंचवीस वर्षं पुरी झाली की त्याला सोडण्यासाठी राष्ट्रपतींना सल्ला द्यावा लागेल. ती मोजणी २००५ पासून.

काका उसळले. "अडीचशे माणसं मारणाऱ्याला वचन? कशाला पाळायचं? त्यानं कुणाला वचन दिलं होतं?"

मी म्हटलं, वचन त्याला दिलेलं नाही, पोर्तुगालला दिलंय. आज आपण ते मोडलं तर उद्या दुसरा कुठला देश आपल्या हाती गुन्हेगार देईल? मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आला. तिथल्या एकेका न्यायालयात त्यानं आक्षेप घेतले, ते सगळे फेटाळले गेल्यावर आला. भारतात न्याय होईल का, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी विचारला जातो. त्याचं उत्तर देताना आपण मागे काय केलं हेच दाखवावं लागतं.

"तुझं बरोबर असेल," काका म्हणाले. "पण ज्यांची माणसं गेली त्यांना हे सांगून बघ." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. हिशेब कळतो, पण त्यानं कुणाचं दुःख कमी होत नाही, हेही खरंच.

उलटतपासणी नाही तर पुरावा नाही

न्यायाची दुसरी बाजूही २६/११ च्याच प्रकरणात दिसली. हल्ल्याच्या पाकिस्तानातल्या आरोपींवर रावळपिंडीत खटला सुरू होता. तिथल्या न्यायालयासाठी मार्च २०१२ मध्ये पाकिस्तानचं एक न्यायिक पथक मुंबईत आलं. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, मुख्य तपास अधिकारी रमेश महाले आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर यांचे जबाब त्यांनी घेतले. पण दोन सरकारांमध्ये ठरल्याप्रमाणे आरोपींच्या वकिलांना उलटतपासणी करता आली नाही. परिणाम काय, तर जुलै २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयानं तो सगळा अहवालच बाजूला सारला. सप्टेंबर २०१३ मध्ये पथक पुन्हा आलं, तेव्हा उलटतपासणीची सोय केली गेली. दीड वर्ष वाया गेलं.

याच्या उलट उदाहरण डेव्हिड हेडलीचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगातल्या हेडलीनं व्हिडिओ जोडणीवरून मुंबईच्या न्यायालयापुढे साक्ष दिली. सरकारी वकील होते उज्ज्वल निकम. आणि मार्चमध्ये आरोपीच्या वकिलांनी त्याच पडद्यावर त्याची उलटतपासणीही घेतली. अशी साक्ष चालते हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात ठरवून दिलं होतं. तिथे न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते.

एक गोष्ट मात्र अजून लंगडी आहे. सरकारी मदतीची ही वाट मुळात सरकारांसाठीच बांधलेली आहे. आरोपीला आपल्या बचावासाठी दुसऱ्या देशातला कागद हवा असेल तर त्याला ती सहजासहजी वापरता येत नाही. अमेरिकेच्या अशा करारांत तर खाजगी व्यक्तीला यातून कुठलाही हक्क मिळत नाही असं लिहिलेलंच असतं. आणि साक्षीदार तर त्याहून मागे. त्याच्याकडून कागद जातो, त्याला परत काही येत नाही.

उशिराबद्दल मात्र आपण आबिड्सकरांनी तक्रार करू नये. इथून हाकेच्या अंतरावर किंग कोठी आहे. तिथल्या निजामाचे लंडनच्या बँकेतले सुमारे दहा लाख पौंड १९४८ मध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. दुसऱ्या देशाच्या सरकारवर आपल्या न्यायालयात खटला चालवता येत नाही, या तत्त्वापाशी निजामाचा दावा १९५७ मध्ये अडला. निकाल लागला ऑक्टोबर २०१९ मध्ये, तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंड झाली होती. काकांना हे सांगितल्यावर ते गेल्या वर्षात पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. "मग माझं दोन-चार महिन्यांत झालं, म्हणजे मी निजामापेक्षा नशीबवान."

जबाबाचा दिवस

वकील शेवटी व्हॉट्सअॅपवरून मिळालाच नाही. वडिलांचे एक जुने स्नेही नामपल्लीला वकिली करतात, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, साठ वर्षांवरच्या पुरुषाला साक्षीदार म्हणून पोलिसांनी राहत्या घराबाहेर बोलावायचं नसतं, असं नव्या संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. जबाब घरी घ्या म्हणून विनंती करता येईल. दुसरी, जे आठवतं ते सांगा, जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून सांगा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

काकांनी घरी जबाब द्यायला नकार दिला. "घरी पोलीस आले तर गल्लीत आणखी एक कहाणी. मीच जातो." गेले. निळ्या वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तिन्ही नोंदी सापडल्या. ओळखपत्राचा नंबर होता, सही होती. एका नोंदीपुढे काकांनी पेन्सिलनं लिहिलं होतं, "फोटो जुळत नव्हता वाटतं, दुसरं ओळखपत्र मागितलं, दाखवलं." आणि त्या दुसऱ्या ओळखपत्राचा नंबर. अधिकाऱ्यांनी ते पान दोनदा पाहिलं. काकांना विचारलं, "हे तुम्ही तेव्हाच लिहिलंत?" काका म्हणाले, "साहेब, नंतर लिहायला मला काय माहीत तुम्ही येणार म्हणून?"

त्या वहीची पोच मिळाली. पुढे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. त्या बाईला पैसे मिळाले का, फसवणारा सापडला का, पेन्सिलनं लिहिलेला नंबर कामी आला का, काहीच कळलेलं नाही. कदाचित कधीच कळणार नाही.

साखरपुडा झाला, दोन महिने उशिरानं. त्याआधी मी मुलाच्या वडिलांना भेटायला गेलो. प्रकरणाबद्दल काही बोललो नाही. एवढंच म्हटलं की काकांवर कुठलाही आरोप नाही, आणि जे बाहेर पसरलं ते माझ्या हातून पसरलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही आलात ते बरं झालं. आम्हाला विचारायचं होतं, पण विचारायचं कसं ते कळत नव्हतं."

असं पत्र आलं तर

आपल्यापैकी कुणाला असं पत्र आलं तर माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पत्र खरं आहे का ते आधी तपासा, तेही त्यावरच्या नंबरवर फोन करून नव्हे, तर कार्यालयात जाऊन. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि चौकशी मिटवायला कुणी पैसे मागत नाही. मागितले तर १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आपण साक्षीदार आहोत की आरोपी, हे स्पष्ट विचारा. वकिलाला पत्र दाखवणं म्हणजे गोपनीयता मोडणं नव्हे. भावंडांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे मोडणं.

मूळ कागद देताना झेरॉक्स ठेवा आणि पोच घ्या.

आणि दुसऱ्या कुणाकडे असं पत्र आल्याचं कानावर पडलं, तर ते आपल्यापाशीच ठेवा. त्या माणसाला स्वतःची बाजू मांडायची परवानगी नसते, हे लक्षात असू द्या.

परवा दुकानात गेलो होतो. शाळा सुरू व्हायच्या आधीची गर्दी होती, काका कव्हरं कापत होते. उरलेल्या वह्या कपाटाच्या वरच्या खणात व्यवस्थित रचलेल्या दिसल्या. मी म्हटलं, "काका, आता या फेकायला हरकत नाही." त्यांनी कात्री खाली ठेवली नाही. म्हणाले, "त्या बाईचं काम झालं की नाही ते अजून कळलेलं नाही ना? मग राहू देत."